भिंतीलाही घाम येतो!

"बाई, तुमच्या घरात भूत आहे का हो?"

भर वर्गात, तेही गणिताच्या तासाला, चौथीतल्या एका मुलाने मला हा प्रश्न विचारला. सगळा वर्ग खुदखुदला. मीही हसले. पण त्याचा प्रश्न काही अगदीच उगीच नव्हता. भुसावळच्या जुन्या वस्तीतलं आमचं घर तेव्हा खरंच भुताटकीचं दिसत होतं. भिंतींचे पोपडे निघालेले, कौलांवर गवत उगवलेलं आणि बैठकीत पाऊल टाकलं की नाकात कुबट वास.

मुलांनो, आज त्या घराचीच गोष्ट सांगते. ते भूत कोण होतं, त्याला घरात कुणी आणलं आणि ते गेलं कसं, हे सगळं सांगते. एक गोष्ट मात्र आधीच कबूल करून टाकते. भूत आणलं होतं मीच!

राणीच्या अमदानीतलं घर

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी धावली, हे तुम्ही शाळेत शिकलात. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ कसारा घाट चढून आपल्या खानदेशात पोचले. भुसावळहून एक फाटा नागपूरकडे गेला, दुसरा खांडव्यावरून जबलपूरकडे. बघता बघता भुसावळ मोठं जंक्शन झालं. रेल्वेच्या साहेबांसाठी बंगले उठले. जाड भिंती, उंच छप्पर, पुढे ऐसपैस व्हरांडा आणि भिंतीत वरच्या बाजूला दोरीने उघडायचे झरोके.

तेव्हा इंग्लंडच्या गादीवर राणी व्हिक्टोरिया होती. १८३७ ते १९०१, म्हणजे तब्बल ६३ वर्षं तिने राज्य केलं. त्या काळातल्या अशा घरांना म्हणूनच 'व्हिक्टोरियन' म्हणतात. पण गंमत पाहा. विलायतेतलं घर थंडीसाठी बांधलेलं, तिथे खोलीखोलीत शेकोटी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो! इथे शेकोटी घेऊन काय करायची? म्हणून इथल्या गवंड्यांनी आणि सुतारांनी साहेबाचा नकाशा घेतला आणि त्यात आपली अक्कल घातली. तापलेली हवा वर जावी म्हणून उंच छप्पर, ती बाहेर पडावी म्हणून झरोके आणि भिंतीवर ऊन पडू नये म्हणून व्हरांडा.

माझ्या यजमानांचे खापरपणजोबा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. रोज साहेबाचा बंगला बघून त्यांनाही वाटलं, आपलंही असं घर असावं. मग पोटाला चिमटा घेऊन, थोडे थोडे पैसे साठवून त्यांनी तीन खोल्यांचा छोटा 'बंगला' बांधला. दाराच्या चौकटीवर साल कोरलंय, १८९६. दगडाचं जोतं, चुन्यात बांधलेल्या हात-दीड हात जाड विटांच्या भिंती, सागवानी तुळया आणि वर मंगळुरी कौलं. मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली निघाला होता. रेल्वेने माल फिरू लागला तशी ती कौलं गावोगाव पोचली.

आणि मी भिंत 'सजवली'

सात वर्षांपूर्वी माझ्या दिरांचं लग्न ठरलं. घर नटवायचं काम मी मोठ्या हौसेने अंगावर घेतलं. बैठकीच्या भिंतीला हात लावला की पांढरी भुकटी हाताला लागायची. मला ते अगदी गावंढळ वाटे. म्हणून मी बाहेरून पूर्ण भिंतीला आणि आतून छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. वरून चकचकीत पिस्ता रंगाचा ऑइलपेंट दिला. ओल्या फडक्याने पुसता येईल असा!

आमच्या आजेसासूबाई, त्यांना सगळे जिजी म्हणतात, नव्वदीला टेकल्या आहेत. दिसायला कमी दिसतं, पण हाताने चाचपून सगळं ओळखतात. त्यांनी नव्या भिंतीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "अवं पोरी, भिताले बी घाम येते. आता तो कुठून निघीन?"

मी हसून सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, दुसरं काय!

पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ऑइलपेंटला फोड आले. भाजल्यावर हाताला येतात ना, तस्से. फोड फुटला की आतून पाणी. मग भिंतीला लोणा लागला, म्हणजे मिठासारखी पांढरी खारट बुरशी वाटावी असा थर. खरी बुरशीही आलीच, कोपऱ्यांत काळी काळी. माझी धाकटी रात्र रात्र खोकू लागली. डॉक्टर म्हणाले, आधी तिची झोपायची जागा बदला. मी काय केलं असेल? पोपडे खरवडले आणि वरून पुन्हा ऑइलपेंट मारला! असं दोनदा केलं. पैसे गेले आणि ओल होती तिथेच राहिली.

पुढचा प्रसंग आठवला की अजून अंगावर काटा येतो. एका संध्याकाळी मुली बैठकीत गृहपाठ करत बसल्या होत्या आणि वहीवर लाकडाचा भुसा पडला. वर पाहिलं, तर तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे काळी पडलेली. दुसऱ्या दिवशी एक जुने गवंडीकाका बोलावले. शिडीवर चढून त्यांनी हातोडीच्या दांड्याने तुळई ठोकली. मध्ये 'टण्ण' वाजली. टोकाला 'भद्द'. पटाशी टेकवली तर ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

"ताई, या खोलीत कुणाला बसू देऊ नका," ते म्हणाले, आणि लगेच त्यांनी तुळईखाली टेकू दिला.

पाणी आलं कुठून, अडकलं कुठे?

घरात त्या रात्री मोठी चर्चा झाली. खरं सांगू? बैठक पाडून तिथे स्लॅबची खोली बांधावी, असं मीच सगळ्यांत जोरात म्हणत होते. मला त्या भिंतीचा रागच आला होता. जिजी म्हणाल्या, "पाडाले एक दिवस पुरते. आधी पानी कुठून येऊन ऱ्हायलं ते तं पाहा."

मग आम्ही पोलिसांसारखा तपास सुरू केला. चोर दोन निघाले. पहिला वर. दोन छपरांच्या मधली पन्हळ फुटली होती आणि पाणी नेमकं तुळईच्या टोकापाशी भिंतीत मुरत होतं. दुसरा खाली. समोरचा रस्ता थरावर थर चढून इतका उंच झाला होता की पावसाचं पाणी आमच्या जोत्याशी तळं करून बसायचं. ते जमिनीतून भिंतीत वर चढत होतं. वातीतून तेल चढतं ना, तसंच.

"पण बाई, पन्हळ तर आधीही कधीमधी फुटली असेल. मग तेव्हा तुळई का नाही कुजली?" वर्गात ही हकिकत सांगितली तेव्हा एका हुशार मुलीने विचारलं. तिला मी उत्तर देण्याऐवजी वर्गाच्या कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवलं.

माठातलं पाणी गार का होतं? माठाच्या मातीला सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. चुन्याची भिंतही अशीच. पावसाळ्यात ती थोडी ओल पिते आणि उन्हात ती ओल बाहेर सोडून देते. जिजी म्हणाल्या तो 'घाम' तो हाच! हाताला लागणारी ती पांढरी भुकटी हा काही भिंतीचा रोग नव्हता. मी मात्र बाहेरून सिमेंट आणि आतून ऑइलपेंट लावून माठाला जणू प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. पाणी आत येत राहिलं आणि बाहेर पडायची वाटच बंद झाली. अडकलेल्या ओलीने मग सगळ्यांत नाजूक जागा गाठली, ती म्हणजे तुळईचं टोक.

याचा अर्थ सिमेंट वाईट असा नाही हं. नव्या इमारती, पूल, धरणं सिमेंटवरच उभी आहेत. पण ज्याचं औषध त्यालाच द्यावं. सर्दी झालेल्याला पोटदुखीची गोळी देऊन कसं चालेल?

भायखळ्याच्या राजवाड्यात

पन्हळ बदलली, जोत्याभोवती चर खणून पाणी बाहेर काढलं. सिमेंटचा गिलावा छिन्नीने हळूहळू सोडवला, कारण घाई केली की सिमेंटबरोबर विटाही निघून येत होत्या. गवंडीकाका म्हणाले, "आता उन्हाळाभर भिंत उघडी ठेवा. तिला वाळू द्या."

नेमकं त्याच उन्हाळ्यात मुलींना घेऊन मी मुंबईला नातेवाइकांकडे गेले आणि आम्ही भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहिलं. राणीच्या बागेला लागूनच आहे. १८७२ साली ते लोकांसाठी उघडलं, तेव्हा त्याचं नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचं नाव दिलं गेलं.

आत पाऊल टाकलं आणि माझ्या मुली "आई गं!" म्हणून थांबल्याच. उंच उंच लोखंडी खांब, नक्षीचे कठडे, पायांखाली विलायतेहून आणलेल्या मिंटन फरश्या, हिरवट भिंती आणि त्यावर सोनेरी काम. वाटलं, काल रंगवलंय! पण हे दालनही एके काळी आमच्या बैठकीसारखंच दुरवस्थेत होतं. २००३ साली महापालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आले. वास्तुतज्ज्ञ विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम चाललं. २००५ साली युनेस्कोने या कामाला आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार दिला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा लोकांसाठी खुलं झालं.

मोजून पाहा, पाच वर्षं! मी बैठक किती दिवसांत सजवली होती? आठ! जुन्या वास्तूचं काम करणारे लोक आधी रंगाचा डबा उघडतच नाहीत. आधी ओल शोधतात, मग मूळचं काय शिल्लक आहे ते पाहतात, ते जपतात, आणि जे गेलंय तेवढंच नवं करतात. शोभेची पाळी सगळ्यांत शेवटी.

हे भाऊ दाजी आपल्याला परके नाहीत बरं का! पेशाने ते डॉक्टर, पण प्राचीन लिपी वाचण्यात पटाईत. आपल्या शेजारच्या अजिंठ्याच्या लेण्यांमधले शिलालेख त्यांनी अभ्यासले होते.

आणि अजिंठ्यानेही हाच धडा दिलाय. तिथली चित्रं मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन त्यावर काढलेली आहेत. इंग्रजी अमदानीत चित्रकार त्यांच्या नकला करायला आले. त्यातल्या पहिल्या रॉबर्ट गिलची कबर तर आपल्या भुसावळातच आहे. त्या काळात चित्रं उठून दिसावीत म्हणून काहींवर व्हार्निश फासलं गेलं. पुढे १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रांचे सुटलेले पोपडे पुन्हा चिकटवले, पण वरून लाखेचा हातही दिला. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. पण काळाच्या ओघात तो थर पिवळा, काळपट पडला आणि चित्रं अंधारात गेल्यासारखी झाली. तो थर चित्राला धक्का न लावता काढताना पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना फार सांभाळून काम करावं लागलं.

म्हणजे पिस्ता ऑइलपेंटची चूक करणारी मी काही पहिली नव्हते! थोडं बरं वाटलं.

चुन्याचा वाढदिवस

भुसावळला परतलो तोवर भिंत वाळली होती. सुतारदादांनी तुळईचं कुजलेलं टोक कापून जुन्याच सागाचा तुकडा खाच करून जोडला. टोकाभोवती हवा खेळावी म्हणून भिंतीत थोडी जागा सोडली. मग आला चुना.

चुन्याची गोष्ट मोठी मजेची आहे. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो फसफसतो, उकळल्यासारखा तापतो आणि विरतो. या विरलेल्या चुन्याचा गिलावा भिंतीला लावला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश परत घेतो आणि पुन्हा पहिल्यासारखा दगड होतो. दगडापासून निघून दगडापाशी परत! वरच्या वर्गातली मुलं चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करतात, तेव्हा नेमकं हेच घडत असतं.

गवंडीकाकांनी विरलेला चुना काही दिवस पाण्याखाली मुरत ठेवला. त्यात वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली. गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलं. "काका, भिंतीला लाडू भरवताय का?" माझ्या धाकटीने विचारलं. पूर्वी गिलाव्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असं काहीबाही घालायची रीतच होती. एकावर एक असे तीन थर दिले आणि प्रत्येक थर ओल्या पोत्यांनी झाकून सावकाश वाळवला.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. कळीच्या चुन्याला मुलांनी हात लावायचा नाही. डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. तसंच जुना ऑइलपेंट खरवडताना त्या धुळीत जायचं नाही. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं आणि ते मुलांच्या मेंदूला घातक असतं. आपल्या देशात घरगुती रंगांमधल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ पासून. आई-बाबांनो, हे तुमच्यासाठीही!

हातभर निळं आकाश

भिंतीच्या वरच्या भागात जुना गिलावा शाबूत होता. तिथला ऑइलपेंट गवंडीकाकांनी तोंडाला फडकं बांधून, पाणी मारत मारत काढला. मुलींना मी दारातच थांबवलं होतं. पिस्ता रंगाखाली गुलाबी डिस्टेंपर निघाला. त्याखाली पिवळी माती. त्याखाली निळा, चुन्यात नीळ कालवून दिलेला, उन्हाळ्यातल्या सकाळच्या आकाशासारखा. आणि सर्वांत खाली पांढरा.

"जिजी, खाली निळा रंग निघालाय!" थोरली ओरडली.

जिजी काठी टेकत आल्या. भिंतीशी चेहरा नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मी नवरी होऊन आली तव्हा हाच रंग व्हता. मामंजींनी लगनासाठी घर रंगवलं व्हतं."

म्हणजे माझ्या आधी याच बैठकीची भिंत लग्नासाठी नटली होती! फरक इतकाच, की त्या रंगाने भिंतीचा घाम अडवला नव्हता.

मग बैठकीचा रंग कोणता, हे कुणाला विचारावंच लागलं नाही. चुन्यात नीळ घालून पातळ पातळ पाच हात दिले. ओला असताना रंग फिका वाटतो, वाळला की उजळतो. ट्यूबलाइट, पंखा, मोबाइलचं चार्जर हे सगळं हवंच ना! पण त्यासाठी भिंत न फोडता वायर पट्टीतून वरून नेली. झरोक्यांच्या दोऱ्या बदलल्या. खिडकीला सुती पडदे आले. खापरपणजोबांचा बाक घासूनपुसून पुन्हा जागेवर बसला. दाराजवळ हातभर जागा मात्र आम्ही मुद्दाम रंगवली नाही. तिथे पाचही थर पायऱ्यांसारखे दिसतात. माझा पिस्ता रंगसुद्धा! चूक विसरू नये म्हणून.

यंदाचा पावसाळा सरला. भिंत थोडी ओलसर झाली आणि उन्हं पडताच वाळली. फोड नाही, वास नाही. धाकटी पुन्हा बैठकीत झोपते. जिजी सकाळी भिंतीवरून हात फिरवतात आणि बोटांना लागलेली पांढरी भुकटी पदराला पुसतात. मी आता काही बोलत नाही.

करून पाहा

मातीच्या दोन सारख्या पणत्या घ्या. मोठ्या माणसाच्या मदतीने एकीला फक्त बाहेरून ऑइलपेंट लावा आणि पूर्ण वाळू द्या. दोन्हीत काठोकाठ पाणी भरून सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्हींना बाहेरून हात लावा. कोणती गार लागते? कोणतीतलं पाणी जास्त कमी झालं? आठवडाभर रोज पाणी भरत राहा आणि रंगाला फोड येतात का, तेही पाहा.

आणि हो, तुमच्या किंवा आजोळच्या घरात एखादी जुनी भिंत असेल, तर दिवाळीच्या रंगरंगोटीआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारा: "या भिंतीचा पहिला रंग कोणता होता?"

उत्तर ऐकायला थोडा वेळ हाताशी ठेवा म्हणजे झालं!